खपलीची सोयरीक

दिवाळीच्या आधी आठ-दहा दिवस आमच्या घरी रव्यावरून एक लहानशी चकमक उडत असे. करंजीच्या पारीला रवा कोणता घ्यावयाचा, हा वादाचा विषय. बाजारातला पांढरा, मऊ रवा आईला सोयीचा वाटे; आजीला तो साफ नामंजूर. “रवा दाताखाली कळला पाहिजे,” असे म्हणून ती बन्सी गहू ओलवून जात्यावर भरडावयास लावी. आणि खिरीचा प्रसंग आला की बन्सीही मागे पडे. कोठीतल्या एका निराळ्या कणगीतून खपली गहू बाहेर येई. तो उखळात घालावयाचा, पाण्याचा हात लावून मुसळाने सडावयाचा, सुपाने पाखडावयाचा आणि पुन्हा उखळात घालावयाचा. त्याचे टरफल दाण्याला असे घट्ट धरून बसलेले असे, की सडणाऱ्या बायकांचे हात भरून येत. “एवढा छळ करून खायचा तो कसला गहू!” असे कोणी म्हटले, की आजीचे उत्तर ठरलेले असे. “छळ खरा, पण खपलीवर तांबेरा पडलेला मी कधी पाहिला नाही.”

आजीला शाळेचा उंबरठा ठाऊक नव्हता. तिचे हे वाक्य आम्ही म्हातारपणाच्या अनेक वाक्यांत जमा केले आणि विसरलो. पुढे बऱ्याच वर्षांनी गव्हाच्या वाणांचा इतिहास वाचीत असता एका अमेरिकन तक्त्यावर माझी नजर खिळली. ‘अर्नाउट्का’, ‘क्युबान्का’, ‘मिंडम’, ‘व्हर्नल’ अशा परक्या नावांच्या रांगेत शेवटचे नाव होते ‘खपली’! आमच्या कृष्णाकाठच्या कणगीतला हा गरीब पाहुणा त्या साहेबी पंगतीत जाऊन कसा बसला, ह्याचा शोध घेत गेलो, तेव्हा आजीच्या त्या एका वाक्यात केवढा इतिहास दडलेला होता हे उमगले. आज फराळाच्या ताटाभोवती जमलेल्या वाचकांना तीच हकीकत सांगावयाची आहे.

*

आपण सरसकट ‘गहू’ म्हणतो. पण गहू एक नव्हे, ते एक मोठे घराणे आहे. वनस्पतीच्या पेशीत आनुवंशिक गुण वाहून नेणारी सूक्ष्म सूत्रे असतात. त्यांना गुणसूत्रे म्हणतात. गव्हाच्या निरनिराळ्या जातींत ती १४, २८ किंवा ४२ असतात, हा नेमका हिशेब साकामुरा ह्या जपानी शास्त्रज्ञाने १९१८ साली मांडला. आपल्या नेहमीच्या पोळीच्या गव्हात ती ४२ आहेत. बन्सी ज्या जातीत मोडतो त्या कठीण गव्हाला शास्त्रात ‘डुरम’ म्हणतात, आणि त्यात ती २८. खपली ही ‘एमर’ नावाच्या फार प्राचीन गव्हाची हिंदुस्थानी शाखा, तिच्यातही २८. म्हणजे बन्सी आणि खपली ही सख्खी भावंडे आणि पोळीचा गहू त्यांचा चुलतभाऊ. ह्या भावंडांचा पूर्वज रानटी एमर. तो आजही पश्चिम आशियाच्या डोंगरउतारांवर आपोआप उगवतो. ऍरन ऍरनसन ह्या संशोधकाला १९०६ साली गॅलिलीत, रोश पिना गावाजवळ, खडकाच्या एका कपारीत त्याचे रोप सापडले, तेव्हा माणसाने पहिली पेरणी कोणत्या बियाण्याने केली असेल ह्या कोड्याचा एक धागा हाती लागला.

भावंडे असली तरी दोघांचे स्वभाव निराळे. डुरमचा दाणा मळणीत टरफलातून चटकन सुटतो. तो काचेसारखा टणक असतो. दळला तर पिठाऐवजी रवा होऊ पाहतो. म्हणूनच आपल्याकडे रवा, शेवया, लापशी; इटलीत मॅकरोनी आणि स्पॅगेटी; उत्तर आफ्रिकेत कुसकुस, असे ह्या गव्हाचे जगभर संसार थाटले गेले. खपलीचा दाणा मात्र मळणीनंतरही टरफलातच राहतो. सडावयाचे कष्ट नकोत म्हणून जगातल्या बहुतेक शेतकऱ्यांनी एमर केव्हाच सोडून दिला. सांगली-साताऱ्याकडे आणि बेळगाव-धारवाडकडे मात्र काही घरांनी तो टिकवला. त्यांनी तो कोणा शास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून ठेवला नाही. खीर चांगली होते म्हणून ठेवला.

*

आता आपल्याला एकदम अमेरिकेच्या उत्तर भागात, डाकोटाच्या माळरानावर जावे लागेल. तेथे हिवाळा हाडे गोठवणारा आणि पाऊस बेताचा. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांनी तेथे पोळीच्या गव्हाचे वाण लावले. ते कधी थंडीने, कधी दुष्काळाने, तर कधी तांबेऱ्याने जात. मार्क कार्लटन नावाचा सरकारी शेतीखात्यातला एक तरुण अधिकारी ह्या प्रश्नाने झपाटला होता. त्याचा तर्क सरळ होता. रशियाच्या गवताळ मैदानांचे हवामान डाकोटासारखेच. तेथे शेकडो वर्षे टिकलेला गहू येथेही टिकेल. १८९८ आणि १९०० साली तो रशियात हिंडला आणि ‘क्युबान्का’ नावाचा डुरम गहू घेऊन आला.

शेतकऱ्यांना तो आवडला, पण गिरणीवाल्यांनी नाके मुरडली. हा दगड दळावयाचा कसा, असे ते म्हणत. मग १९०४ साली तांबेऱ्याची मोठी साथ आली. पोळीचा गहू काळा पडून गेला आणि डुरम बऱ्याच अंशी उभा राहिला. त्यानंतर डुरमचे पाय त्या भूमीत रोवले गेले. कार्लटनचे स्वतःचे पाय मात्र कोठेच रोवले नाहीत. कर्जाच्या ओझ्याखाली त्याची सरकारी नोकरी सुटली आणि १९२५ साली दूर पेरू देशात तो वारला. १९४३ साली डुरमचा एक वाण ‘कार्लटन’ ह्या नावाने प्रसिद्ध झाला, एवढीच काय ती भरपाई.

तांबेरा हा शत्रू कसा आहे हे एकदा समजून घेतले पाहिजे. ही एक बुरशी आहे. गव्हाच्या खोडावर विटकरी फोड येतात. बोट लावले तर तांबडी पूड हाताला लागते. त्या पुडीचा कण न् कण म्हणजे बुरशीचे एक बी. ते वाऱ्यावर स्वार होऊन शेकडो कोस जाते. डाकोटाच्या गव्हाला तांबेरा लागे तो दक्षिणेच्या वाऱ्याबरोबर, टेक्सास-मेक्सिकोकडून आलेला असे. आपल्याकडेही हा पाहुणा दरसाल डोंगरांवरून मैदानात उतरतो, हे आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता ह्यांनी वर्षानुवर्षे कष्ट करून दाखवून दिले.

मिनेसोटा विद्यापीठातील स्टॅकमन ह्यांनी ह्या शत्रूचे आणखी एक कपट उघडकीस आणले. तांबेरा दिसावयास एकच असला तरी त्याच्यात अनेक पोटजाती असतात. एक पोटजात ज्या गव्हापुढे हात टेकते, त्याच गव्हाला दुसरी खाऊन टाकते. मग समोर आलेला तांबेरा कोणता हे ओळखावयाचे कसे? सराफ जसा कसोटीच्या दगडावर सोने घासतो, तशी युक्ती स्टॅकमन आणि त्यांचे सहकारी लेव्हिन ह्यांनी केली. १९२२ साली त्यांनी बारा गव्हांची एक मालिका ठरवली. नवा तांबेरा ह्या बाराही गव्हांच्या कोवळ्या रोपांवर लावावयाचा, आणि कोण पडले, कोण उभे राहिले, ह्यावरून त्याची जात ठरवावयाची. मी पाहिलेला तक्ता तो हाच. त्या बारा दगडांपैकी एक आपली खपली. विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानातून गेलेले ते मूठभर बी आपले नाव घेऊनच तिकडे गेले होते. आणि तक्त्यात खपलीपुढे बहुधा एकच शेरा असे: उभी राहिली.

*

१९५० साली अमेरिकेत ‘१५ ब’ नावाची तांबेऱ्याची पोटजात सर्वत्र पसरली. ती अगदी नवी नव्हती. १९३९ सालीच तिची ओळख पटली होती. पण आजवर ती कोपऱ्यात बसून होती. आता मात्र तिने डुरमवर झडप घातली. १९५३ साली डाकोटा-मिनेसोटाकडच्या डुरमपैकी सुमारे ६५ टक्के पीक गेले; १९५४ साली सुमारे ७५ टक्के. म्हणजे चार पोती घरात यावयाची तेथे एक आले. मॅकरोनीच्या कारखान्यांना पुरेसा डुरम मिळेना आणि ते पोळीच्या गव्हाची भेसळ करू लागले. शेतकऱ्यांना प्रश्न पडला, हे पीक ठेवावयाचे की कायमचे सोडावयाचे?

आपल्यापैकी कोणीही येथे एक उपाय सुचवील. एवढी लक्षावधी रोपे शेतात उभी होती; त्यांतली जी थोडीबहुत बरी राहिली त्यांचेच बी ठेवावे, तेच पेरावे, असे पाच-सहा वर्षे करावे; हळूहळू रोग न लागणारा वाण तयार होईल. ‘पेरावे तसे उगवते’ ही म्हण काही खोटी नाही. पण ह्या उपायाने डाकोटाचे काम झाले नसते. का झाले नसते, हे ज्या प्रयोगाने कळले तो प्रयोग गव्हावर नव्हे, घेवड्यावर झाला होता.

डेन्मार्कमध्ये योहानसेन नावाचा एक चिकाटीचा संशोधक होता. त्याने ‘प्रिन्सेस’ नावाच्या घेवड्याची एकोणीस रोपे घेऊन प्रत्येकाचा वंश वेगळा वाढवला. घेवड्याचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते, गव्हाचेही तसेच. त्यामुळे एका रोपाचा वंश पिढ्यान् पिढ्या एकाच रक्ताचा राहतो. त्याला योहानसेनने ‘शुद्ध वंश’ असे नाव दिले. त्याला आढळले ते असे: निरनिराळ्या वंशांचे दाणे सरासरीने लहानमोठे होते आणि तो फरक पुढच्या पिढीत कायम राहिला. पण एकाच वंशातले मोठे दाणे आणि लहान दाणे वेगळे पेरले, तर दोघांच्या संततीचे सरासरी वजन सारखेच भरले! वर्षानुवर्षे मोठे दाणे निवडले तरी वंश तसूभर पुढे सरकला नाही. ही हकीकत त्याने १९०३ साली प्रसिद्ध केली.

ह्याचा अर्थ असा, की डोळ्यांना दिसणाऱ्या प्रत्येक फरकाचे दोन बाप असतात. एक बीज आणि दुसरे क्षेत्र. बांधाजवळच्या रोपाला पाणी जास्त मिळाले, कोठे शेणखताचा ढीग पडला होता, कोठे शेजारचे रोप मेले म्हणून जागा मोकळी झाली. अशा कारणांनी एक दाणा मोठा होतो, एक लहान राहतो. हा क्षेत्राचा गुण. तो दाण्याबरोबर पुढे जात नाही. बिजाचा गुण तेवढा जातो. शुद्ध वंशात बीज सर्वांचे एकच. म्हणून तेथे दिसणारा सारा फरक क्षेत्राचा, आणि निवड करणाराच्या हाती शून्य. आपल्या बायाबापड्यांनी हे तत्त्व केव्हाच सांगून ठेवले आहे: आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

दिसणाऱ्या फरकात बिजाचा वाटा किती आणि क्षेत्राचा किती, ह्याचे माप शास्त्रज्ञांनी पुढे बसवले. इंग्लंडातील फिशर ह्यांनी १९१८ साली त्याचा गणिती पाया घातला. ह्या मापाला आपण ‘वारशाचा वाटा’ म्हणू. ते काढण्याची रीत संसारी माणसालाही समजण्याजोगी आहे. समजा, मिश्र बियाण्याच्या शेतात रोपांची सरासरी उंची ४८ इंच आहे. आपल्याला बुटका गहू हवा, म्हणून आपण सरासरी ४० इंचांची रोपे निवडली; म्हणजे ८ इंच कमी. त्यांच्या संततीची सरासरी ४२ इंच भरली. म्हणजे ६ इंच कमी. आठांतले सहा उतरले. वारशाचा वाटा तीनचतुर्थांश. आता उत्पन्नाचे पाहू. रोपामागे सरासरी १० ग्रॅम दाणे. आपण १८ ग्रॅमची रोपे निवडली. संतती ११ ग्रॅमवर आली. आठांतला एकच उतरला. वारशाचा वाटा एकअष्टमांश. बाकी सारे खतपाण्याचे देणे होते, ते खतपाण्यापाशीच राहिले. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. पण डुरमवरच्या असंख्य प्रयोगांचा कल असाच आहे. उंची, ओंबी बाहेर पडण्याचे दिवस, दाण्याचे वजन ह्यांत वारशाचा वाटा बहुधा मोठा आणि एकूण उत्पन्नात लहान. ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ असे आपण म्हणतो. गव्हाच्या बाबतीत ते पहिल्या प्रकारच्या गुणांनाच लागू आहे. उत्पन्नाचे पाय दिसावयास अनेक शेतांत, अनेक वर्षे पाळणा हलवावा लागतो.

आड भरलेला असेल तर निवडीने काय साधते, ह्याचे उदाहरण इटलीत घडले. नाझारेनो स्ट्रांपेल्ली ह्यांनी उत्तर आफ्रिकेतून, ट्युनिसियाकडून आलेला डुरमचा एक गावठी वाण फोज्जा येथे लावला. असा गावठी वाण म्हणजे अनेक वंशांची यात्राच. १९१५ साली त्यांनी त्यातून एक वंश वेचला. १९२३ साली तो ‘सेनातोरे कापेल्ली’ ह्या नावाने शेतकऱ्यांच्या हाती दिला. पुढे कित्येक दशके इटलीच्या डुरमच्या शेतांत तो राज्य करीत होता. आपल्याकडे पुसा येथे आल्बर्ट आणि गॅब्रिएल हॉवर्ड ह्या पतिपत्नींनी हिंदुस्थानी गव्हांच्या मिश्र वाणांतून असेच शुद्ध वंश वेचून काढले.

पण ह्या यशाच्या पोटात एक धोका होता. यात्रेतून एकच माणूस घरी आणला, की यात्रा मागे राहते. डाकोटात हेच झाले होते. वेचलेले थोडे उत्तम वाण मैलोगणती पसरले होते. शेतात लक्षावधी रोपे असली तरी बीज जवळजवळ एकच. तांबेऱ्याजवळ मात्र विविधतेचा तोटा नव्हता. एका झुडपाच्या आश्रयाने त्याची पिढी दर वसंतात नवा संकर करी आणि नवनवे रूप घेई. त्या बार्बेरीच्या झुडपांचा नायनाट करण्याची मोहीम अमेरिकेने १९१८ सालीच सुरू केली, ती ह्यासाठीच. एका बाजूला सदा रूप पालटणारा शत्रू आणि दुसऱ्या बाजूला एकाच साच्यातले सैन्य. असा तो सामना होता. ‘१५ ब’ला तोंड देणारे बीज त्या सैन्यात नव्हतेच. मग निवडावयाचे काय?

*

नवा आड शोधणे भाग होते. आणि कसोटीच्या दगडांतच तो सापडला. ‘१५ ब’समोरही खपली उभी होती. डुरम आणि खपली दोघांची गुणसूत्रे अठ्ठावीस. म्हणजे सोयरीक जुळावयास गोत्राची अडचण नव्हती. खरे तर खपलीची ही पहिली सोयरीक नव्हे. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या वॉटरहाऊस ह्यांनी ‘स्टाइनवेडेल’ नावाच्या पोळीच्या गव्हाशी तिचा संकर आधीच घडवून आणला होता. तेथे गुणसूत्रांचा मेळ बसत नसल्यामुळे ते काम फार जिकिरीचे. त्या जोडप्याच्या अपत्याचे नाव वाचून मराठी माणसाला हसू आल्यावाचून राहणार नाही. त्याचे नाव ‘खॅपस्टाइन’!

डुरमशी संकर सोपा, पण संसार सोपा नव्हता. खपली आपल्याबरोबर रोग न लागण्याचा गुण आणते, तसे ते चिवट टरफलही आणते. डाकोटाच्या शेतकऱ्याला रोगमुक्त पण सडावा लागणारा गहू देऊन काय उपयोग? तेथे उखळ कोणाच्या घरी आहे? तेव्हा संततीचा पुन्हा डुरमशीच संकर करावयाचा, तिच्या संततीचा पुन्हा डुरमशी. पहिल्या पिढीत खपलीचा अंश निम्मा, दुसरीत पाव, तिसरीत अर्धा पाव, मग छटाक. दर पिढीत खपलीचे रक्त निम्म्याने आटत जाते. त्या आटत्या रक्तात तांबेऱ्याला अडवणारा एक गुण तेवढा हातचा सुटू द्यावयाचा नाही, ही खरी कसरत. त्यासाठी दर पिढीच्या कोवळ्या रोपांवर मुद्दाम रोग घालावयाचा. मरतील ती मरू द्यावयाची. जगतील त्यांतूनच पुढची सोयरीक जुळवावयाची.

येथे वारशाच्या वाट्याने हात दिला. ह्या गुणाचे पाय खरोखरीच पाळण्यात दिसतात. बित्तीएवढ्या रोपावर फोड आले की नाही, एवढे पाहिले की निकाल लागतो. हा फरक बहुतांशी बिजाचा असतो. हाच शोध उत्पन्नाच्या गुणासाठी असता, तर तेवढ्या घाईत कोणालाही तो साधला नसता. आणि घाई तर होतीच. डाकोटाचे शेत हिवाळ्यात बर्फाखाली. म्हणून उन्हाळ्यात तेथे एक पिढी घ्यावयाची आणि हिवाळ्यात ते बी दक्षिणेच्या उबदार मुलखात नेऊन दुसरी घ्यावयाची, असा उद्योग चालला. १९५६ साली उत्तर डाकोटातून ‘लँग्डन’, ‘युमा’, ‘रॅम्से’ आणि ‘टाउनर’ असे चार नवे डुरम बाहेर पडले. त्यांतील लँग्डन आणि युमा ह्यांच्या अंगात खपलीचे रक्त होते. डुरमचे पीक पुन्हा उभे राहिले.

लँग्डन हे डाकोटातल्या एका लहान गावाचे नाव. त्या गावच्या लोकांना कृष्णाकाठ ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि कृष्णाकाठच्या लोकांनाही लँग्डन ठाऊक नाही. पण तेथल्या डुरमला ज्या गुणाने तारले, तो गुण आपल्याकडच्या बायकांनी पिढ्यान् पिढ्या मुसळ मारून जपला होता. त्यांनी तो जपला नसता, तर स्टॅकमनच्या तक्त्यात बारावा दगड नसता.

*

हकीकत येथे संपत नाही. १९९८ साली युगांडात खोडावरच्या तांबेऱ्याची एक भयंकर पोटजात आढळली. पुढच्या वर्षी तिचे नामकरण झाले ‘युजी ९९’. जगातले बरेचसे गहू तिच्यापुढे नांगी टाकतात असे दिसले, तेव्हा पुन्हा जुन्या कणग्या धुंडाळणे सुरू झाले. डुरममध्ये ह्या घराण्याच्या तांबेऱ्यांना अडवणारे एक जनुक होते. त्याला ‘एसआर १३’ म्हणतात. खपलीकडून आलेले आणि लँग्डनमध्ये वसलेले जनुक ते हेच. २०१७ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी त्याचा नेमका पत्ता शोधून ते वेगळे काढले. आजीच्या वाक्याला एवढ्या वर्षांनी रसायनाच्या भाषेत पुष्टी मिळाली म्हणावयाची!

मात्र शेवटचा शब्द तिचाही नव्हे. इथिओपियात अशीही एक पोटजात आढळली आहे, की जिला ‘एसआर १३’ रोखू शकत नाही. शत्रूजवळ विविधता आहे तोवर कोणत्याही एका जनुकावर कायमची मदार ठेवता येत नाही. २०१९ साली ‘स्व्हेवो’ ह्या इटालियन डुरमची संपूर्ण आनुवंशिक मांडणी प्रसिद्ध झाली. तिच्याशी रानटी एमरपासून आजच्या वाणांपर्यंतच्या गव्हांची तुलना केली, तेव्हा माणसाच्या हाताखाली ह्या पिकातली विविधता टप्प्याटप्प्याने कशी आटत गेली, हे स्पष्ट दिसले. आपण आडातून पोहरे काढीत गेलो आणि आड भरतो आहे की नाही, ते पाहावयाचे राहून गेले.

खपलीने दिले तसे तिला काही परतही मिळाले आहे. तिचे रोप उंच. दाणा भरला की वाऱ्याने लोळण घेई. बुटकेपणाचा गुण जपानच्या ‘नोरीन १०’ ह्या गव्हातून आला. हा वाण १९३५ सालचा. १९४६ साली त्याचे बी अमेरिकेत गेले, तेथून मेक्सिकोत पोहोचले आणि डुरममध्येही उतरले. पुढे धारवाडच्या कृषी विद्यापीठात खपलीचा डुरमशी संकर करून तिचे बुटके वाण काढण्यात आले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनेही खपलीचे बुटके वाण दिले आहेत. लेकीच्या सासरहून माहेरी आहेर यावा, तसा हा प्रकार झाला.

दिवाळीच्या सुमारास शहरातल्या दुकानांत आता खपली गहू सुबक पिशव्यांतून मिळतो. भाव ऐकून आजीने कपाळाला हात लावला असता. सडण्याचे काम यंत्राने होते. उखळ अंगणात उलटे पडले आहे. मुले त्यावर पणती ठेवतात. खपलीला मान मिळाला ह्याचा आनंद आहेच. पण एक रुखरुखही आहे. पिशवीतली खपली बहुधा एकाच वेचलेल्या वाणाची असते. आजीच्या कणगीतली खपली मात्र यात्रा होती. तिच्यात उंच होती, ठेंगणी होती, लवकर पिकणारी होती आणि मागाहून पिकणारीही होती. त्या यात्रेत आणखी कोणते जनुक मुक्कामाला होते, आणि ते कोणत्या देशाच्या कोणत्या संकटाला उपयोगी पडले असते, हे आता त्या कणगीला विचारता येत नाही. आजी गेली त्या वर्षीच ती रिकामी झाली.

म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते. ज्यांच्या घरी जुन्या वाणाचे मडकेभर बी अजून असेल, त्यांनी पुढल्या हंगामात शेताच्या एका कोपऱ्यात ते पेरावे. जमल्यास मूठभर बी जवळच्या संशोधन केंद्रालाही द्यावे. उत्पन्न कमी आले म्हणून नाउमेद होऊ नये. उत्पन्नाचा पुष्कळसा वाटा क्षेत्राचा असतो. पण त्या मडक्यात जे आहे ते बीज आहे, आणि ते एकदा गेले की कोणत्याही खतपाण्याने परत येत नाही.